चार मिलिमीटर

पहाटे पाच वाजता साताऱ्यात पोलीस भरतीच्या मैदानावर माघातली थंडी अशी पडली होती की शिट्टी ओठाला लावली तर ओठ मागे घ्यावासा वाटे. हवालदार दीपमाला शिंगटे हिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि समोरचा कागद पुढ्यात घेतला. कागदाचं नाव हमीपत्र. भरतीच्या कामाला लावलेल्या प्रत्येकानं मैदान सुरू व्हायच्या आत ते भरून द्यायचं असतं. ‘माझा कोणीही नातेवाईक वा परिचित या भरतीत उमेदवार नाही. माझा कोणत्याही भरतीपूर्व प्रशिक्षण संस्थेशी प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष संबंध नाही.’

‘अप्रत्यक्ष’पाशी तिची नजर जरा अडली. मग तिनं पेन झटकलं, जणू थंडीनं शाईच गोठली होती, आणि सही ठोकली.

“वाचून सही करणारी आख्ख्या खात्यात तू एकटीच असशील बाई,” शेजारी बसलेला दादासो म्हणाला. तोही हवालदारच. आज उंचीच्या टेबलावर दोघांची जोडी होती. दीपमालानं माप घ्यायचं आणि त्यानं लिहायचं. “मी तर नोकरीला लागल्यापासनं कशाकशाला सही दिलीय, देवाला ठाऊक.”

“तुझी जीप हाय की भाड्यानं. ती लिव्हलीस का कुठल्या कागदावर?”

“ती बायकूची हाय.”

“बायकूला चालवता येती व्हय रं?”

“पोलिसाच्या बायकूला समदं येतंय. कुणाच्या बायकूला कोंबड्या पाळता येत्यात, कुणाच्या बायकूला प्लॉट पाडता येत्यात. आपल्या साहेबांच्या मंडळींना तर हायवेचं हॉटेल चालवता येतंय. त्याबी पुण्यात बसून!”

दीपमाला हसली. हसण्यासारखंच होतं ते. दरवर्षी मालमत्तेचा फॉर्म भरायची वेळ आली की पोलीस लाइनीत एकेक उद्योजिका जन्माला यायची, आणि फॉर्म जमा झाला की पुन्हा भाकरी थापायला बसायची. कुणाचं काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. कागदाला तेवढं माहीत नव्हतं.

आपलं मात्र तसलं नाही, असं दीपमालाला वाटायचं. तसं ते प्रत्येकालाच वाटतं म्हणा.

तिचं जे काय होतं ते आष्ट्यात होतं. बी-बियाणांच्या दुकानावरचा माळा, पुढं पत्र्याची शेड, मागं गावाबाहेरचं पडीक रान, आणि दारावर फ्लेक्स: ‘प्रियदर्शनी करिअर अकॅडमी, फक्त मुलींसाठी’. प्रियदर्शनी ही तिची धाकटी बहीण. फ्लेक्सवर हाताची घडी घालून उभी, खाली ‘संचालिका’. ही संचालिका जन्मात एसटी गाठण्यापुरतीच काय ती पळाली असेल. पण ती नोकरदार नव्हती, त्यामुळे नोंदणी तिच्या नावानं, भाडेकरार तिच्या नावानं. लोखंडी कॉट, गोळे, मॅट हे सगळं दीपमालाच्या गंठणातून आणि फंडातल्या कर्जातून उभं राहिलेलं. ज्या खात्यात भरती व्हायची त्याच खात्यातल्या बाईनं भरतीची शाळा काढायची, हे कुठल्या नियमात बसणार? म्हणून ती कुठल्याच कागदावर नव्हती.

गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी. पहिल्या गाडीनं निघायची, पेठनाक्याला उतरून आष्ट्याची गाडी धरायची. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी मुंगीच्या पावलानं चालली की तिचा जीव खालीवर व्हायचा. हातात अंड्यांचे ट्रे, पिशवीत टोमॅटो. मुलींना सांगून ठेवलेलं, ही मॅडमची थोरली बहीण, साताऱ्यात पतसंस्थेत असते, हौस म्हणून येते. पतसंस्थेतल्या बाईला गोळा फेकताना मनगट कधी सोडायचं ते कसं ठाऊक, असा प्रश्न बत्तीस मुलींतल्या एकीनंही विचारला नाही. मुली शहाण्या असतात. त्या तिला मावशी म्हणायच्या.

आणि खरं सांगायचं तर पाप अगदीच नव्हतं असंही नाही. मैदानावर कुठल्या चुकीला अधिकारी बाद करतात ते तिला ड्यूटी करून करून पाठ झालेलं, आणि ते ती मुलींना शिकवायची. मागल्या वर्षी अकॅडम्यांची तपासणी निघाली तेव्हा तिनं आपल्या बॅचच्या एका ओळखीच्याला फोन केला होता, आणि तपासणीची यादी आष्ट्यातल्या पत्र्याच्या शेडला वळसा घालून पुढं गेली. त्या फोनची नोंद तिनं मनातल्या डायरीतही केली नव्हती.

एक नियम मात्र तिनं पाळला होता. “राज्यात कुठंबी फॉर्म भरा, सातारा सोडून.” मुलींना वाटायचं साताऱ्याचं मैदान खराब असेल. हा एक नियम पाळला की आपण स्वच्छ, असं तिनं ठरवून टाकलं होतं. एका बाजूला कुंपण घालून ढोर राहतं का? पण ठरवलं की माणसाला पटतं.

बाकीचे सहा दिवस ती लाइनीतल्या दोन खोल्यांत असायची. लग्न झालं होतं. ते नक्की कधी संपलं त्याचा पंचनामा कुणी केला नव्हता. नवरा गावी, त्याचं त्याचं मांडलेलं. संध्याकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं की ती कधीकधी स्वतःचीच हजेरी घ्यायची. “शिंगटे?” आणि चप्पल काढता काढता, “हजर.” मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या घरात कुणी बोलायचं नाही.

त्या बत्तीस जणींत सोनिया गडदे ही जतच्या पलीकडल्या माळावरची. आई नाही. बाप बिराप्पा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायचा तो उन्हाळ्याच्या शेवटाला परतायचा. आजी भामाबाईनं वाढवलेली पोर. अकॅडमीत आली तेव्हा बूट घालून पळताच येईना तिला. बूट काढले की मात्र कुणाला सापडायची नाही. ‘व्हय मावशी’ हे तिचंच खूळ. दीपमालानं काहीही सांगितलं, टाच टेक, श्वास सोड, भात संपव, की ही ताठ उभी राहून म्हणायची, “व्हय मावशी!” सगळ्या हसायच्या. पुढं पुढं सगळ्याच म्हणायला लागल्या. हुकुमाला उत्तर म्हणून तो शब्द त्यांच्या जिभेला असा बसला की झोपेत म्हणतील.

एकदा कऱ्हाडच्या स्टँडवर दीपमाला बंदोबस्ताला उभी होती, वर्दीत. समोरून सोनिया आली. दोघींची नजर भिडली. दीपमालानं तिच्या आरपार पाहिलं, पोलीस पाहतात तसं. पोर क्षणभर थबकली, मग शेजारून निघून गेली, ओळख नसल्यासारखी. पुढल्या गुरुवारी तिनं त्यातलं अक्षर काढलं नाही. फक्त अंड्यांचे ट्रे हातातून घेताना म्हणाली, “उभं राहून पाय दुखत असत्याल मावशी तुमचं.”

तर अशी ती सोनिया सकाळी सातच्या सुमाराला, किल्ल्यामागून ऊन वर यायच्या बेताला, छातीवर चारशे सतरा नंबर लावून, केस मोकळे सोडून, अनवाणी, उंचीच्या रांगेत उभी होती.

दीपमालाला हे आधी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. यादी आधी हातात येत नाही. नाव पुकारल्यावरच कळतं. “सोनिया बिराप्पा गडदे,” दादासोनं वाचलं. पोर पुढं आली. तिच्या डोळ्यांत ओळखीचं काही दिसू नये म्हणून ती जमिनीकडेच बघत होती. डोक्यावर कॅमेरा. बाजूला चार पावलांवर, ज्यांच्या मंडळींचं हायवेला हॉटेल ते उपअधीक्षक ऋषिराज साहेब चहाचा कागदी कप घेऊन उभे.

उंचीची पट्टी एकशे पंचावन्न सेंटिमीटरला. त्याच्या वर असली तर पुढं, खाली असली तर घरी. सोनिया काठावरची आहे हे दीपमालाला ठाऊक होतं. आष्ट्यात तिनं स्वतः कैकदा मोजली होती. एकशे पंचावन्न पूर्ण, वर केसभर.

“पाठ लाव. टाचा टेक,” दीपमाला म्हणाली.

“व्हय मावशी!”

खणखणीत, ताठ, शेडमध्ये म्हणावं तसं.

पोरीचं तोंड क्षणात पांढरं पडलं. दादासो मात्र फिसकन हसला. “ए पोरी, हितं मावशी न्हाई, मॅडम म्हणायचं. मापाला बी नातेवाईक घिऊन आलीस व्हय?” रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. आमच्याकडं कुठल्याही थोराड बाईला मावशीच म्हणतात. भाजीवालीला म्हणतात, कंडक्टरबाईला म्हणतात. त्यात काही नव्हतं. दादासो पुढचं पान उलटायला लागला होता, इतकं त्यात काही नव्हतं.

पण दीपमालाला वाटलं, कॅमेऱ्यानं ऐकलं. साहेबांनी कप खाली केला, म्हणजे त्यांनीही ऐकलं. आता ही पोर काठावरून पास झाली आणि उद्या कुणी तक्रार केली, तर हे चित्रण लावून बघतील. मावशीनं भाचीला घेतली म्हणतील. मग मावशी कुठली, तर आष्ट्याची.

तिनं सरकपट्टी पोरीच्या डोक्यावर आणली. नियम असा की नजर समोर, मान सरळ. हे तिनं सकाळपासून पन्नास मुलींना सांगितलं होतं. एकावन्नाव्या मुलीला ती म्हणाली,

“मान खाली घे.”

सोनियानं एकदाच डोळे वर केले. आष्ट्यात याच बाईनं तिच्या हनुवटीखाली बोट लावून लावून मान वर ठेवायला शिकवलं होतं.

“व्हय मावशी,” ती म्हणाली, या वेळी तोंडातल्या तोंडात. आणि मान खाली घेतली.

“एकशे चौपन्न पूर्णांक सहा.”

दादासोनं लिहिलं. “चार मिलिमीटरनं गेली बिचारी. अपात्र. सही कर पोरी. अपील करायचं असंल तर त्या पलीकडल्या टेबलाला, हा लॉट संपायच्या आत.”

सोनियानं सही केली आणि चालू लागली, ती अपिलाच्या टेबलाकडं नव्हे, बाद झालेल्या मुलींच्या मांडवाकडं.

पुढच्या नऊ मुलींची मापं दीपमालानं काय घेतली, तिला सांगता आलं नसतं. बरोबरच घेतली असतील. हात सवयीनं चालत होते. डोक्यात एकच, पोर अपील का करत नाही? अपील केलं की साहेब स्वतः मोजतील, पास होईल, सगळं नीट होईल, आणि आपलं नाव कशातच येणार नाही. एवढी साधी वाट आहे. ऊठ की गं बाई.

नऊ मुली झाल्या तरी मांडवातलं ते टोक हललं नाही.

“मी पाणी पिऊन येते,” ती दादासोला म्हणाली.

मांडवात सोनिया केस बांधत बसली होती. बाजूला दुसरं कुणी नव्हतं. दीपमाला पाण्याच्या जारशी उभी राहिली, तिच्याकडं पाठ करून. पेला भरता भरता म्हणाली, “अपील कर.”

“नगं.”

“अगं माप चुकलंय. मोठं साहेब परत घेत्यात.”

“मला ठाव हाय चुकलंय त्ये.” पोरीचा आवाज शांत होता. “पर परत मोजलं तर तुमी चुकीचं मोजलं असं हुईल. का मोजलं इचारत्याल. तवा तुमच्यावर यील समदं. आमचं काय, आमी मेंढरामागं जाऊ.”

“सातारा भरू नका म्हणून सांगितलं हुतं का न्हाई मी? मग का भरलास?”

 जारची तोटी गळत होती.

“नोकरी लागली तर परगावात ऱ्हावं लागणार,” सोनिया म्हणाली. “कुठल्या गावात आपलं कोण हाय, मी बघितलं. साताऱ्यात तुमी हाय. दुसऱ्या कुठल्या गावात कोणच न्हाई. म्हणून भरला. वळख दाखवायची न्हाई असं ठरवूनच आल्ते मी. पर तुमी टाचा टेक म्हणाला आन् त्ये तोंडातनं गेलं. चुकी माझीच हाय.”

दीपमालानं पाणी प्यायलं नाही. पेला तसाच जारवर ठेवला आणि ती साहेबांकडं गेली.

ऋषिराज साहेब वयानं तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. हाताखालच्यांना अहो-जाहो करायचा.

“सर, चारशे सतराचं माप माझ्याकडून कमी गेलं.”

“होतं शिंगटे. थंडीनं हात आखडतात. अपील आलं की मी घेतो परत.”

“ती अपील करत नाही.”

“मग आपण काय करणार?” मग त्यांनी जरा विचार केला. “की सगळ्या अपात्र मुलींचं परत घ्यायचं म्हणता? यंत्रात दोष आहे का?”

इथं ‘हो’ म्हणायला जागा होती. यंत्राला तोंड नसतं. सकाळी बाद झालेल्या सगळ्या मुली पुन्हा उभ्या राहिल्या असत्या, त्यांत ही एक.

“नाही सर. हिचंच. बाकीच्यांची मान मी सरळ ठेवली होती.”

साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. “आणि हिची का नाही?”

“मी तिला ओळखते. ओळखते ते दिसू नये म्हणून.”

“नातेवाईक?”

“नाही. आष्ट्याच्या अकॅडमीतली आहे. ती अकॅडमी माझी आहे.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, आणि तिला चार पावलं बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. “कुणाच्या नावावर आहे?”

“बहिणीच्या.”

“झालं तर मग!” त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. “नावावर बहिणीच्या आहे, तर तुमची आहे असं म्हणतंय कोण?”

“मीच म्हणते, सर.”

“शिंगटे, नावावर नाही ते आपलं नाही. कायद्यानं सुद्धा. असं जो तो म्हणायला लागला तर...” ते थांबले. हायवेचं हॉटेल दोघांच्या मधून सावकाश पार झालं, पाटीसकट. दोघांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. “मी परत मोजतो मुलीला. पट्टी नीट बसली नव्हती असं लिहितो. तुम्ही घरी जा. तब्येत बरी नाही म्हणून.”

“आणि उद्या कळलं तर, सर? तिचीच निवड रद्द होईल. मावशीनं घेतली म्हणून. आत्ता मी सांगितलेलं लिहून ठेवलं, तर तिला कुणी काही म्हणणार नाही. बाद करणारी मी, आणि घेणारे तुम्ही.”

हे मात्र त्यांना पटलं. पटलं म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला. “हमीपत्र खोटं दिलंत,” ते आता अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाले. “मैदान सोडा. बाहेर थांबा. मुलींचं पळणं झालं की कार्यालयात या, लेखी खुलासा द्यायचा.” आणि जाता जाता, जरासं वैतागून, “कुणी विचारलंसुद्धा नव्हतं हो तुम्हाला.”

टेबलावरून जाकीट उचलताना दादासोनं विचारलं, “काय गं, काय झालं?”

“माझी अकॅडमी हाय आष्ट्यात. सांगितलं साहेबांना.”

दादासोनं पेन खाली ठेवलं. मग तो हळूच म्हणाला, “येडी का खुळी गं तू? कुणाच्या तरी बायकूच्या नावावर करायची न्हाईस व्हय!”

फाटकाबाहेर आल्यावर तिनं बहिणीला फोन लावला. मागून मुलींची मोजणी ऐकू येत होती. एकतीस, बत्तीस, तेहतीस. बैठका चालल्या होत्या.

प्रियदर्शनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझी कशी गं?”

“काय?”

“अकॅडमी तुझी हाय म्हणून सांगितलंस न्हवं? तुझी कशी? नोंदणी माझी, करार माझा, फ्लेक्सवर थोबाड माझं. पोरी आजारी पडल्या की दवाखान्यात मी नेती. तू गुरवारी येतीस, अंडी देतीस, शिट्टी वाजवतीस आन् पाचच्या गाडीनं जातीस.”

“प्रिया, माझं गंठण...”

“त्ये मी न्हाई कुठं म्हणती? दीन की कवातरी. पर आता थोडं दिस हिकडं येऊ नगंस ताई. चौकशी लागली तर बत्तीस पोरींचं वाटुळं हुईल. त्यांच्यासाठीच सांगती.” जरा थांबून, मऊ आवाजात, “जेवलीस का?”

“व्हय,” दीपमाला म्हणाली. सकाळचे साडेआठ वाजले होते. दोघींनीही ते ऐकून सोडून दिलं.

राग यावा तर बहीण खोटं काहीच बोलली नव्हती. कागदावरचं सगळं तसंच होतं, आणि कागदाबाहेरचंही बरंचसं.

भिंतीच्या कडेला मुलींबरोबर आलेली माणसं बसली होती. कुणी चादर अंथरली होती, कुणी डबा सोडला होता. दीपमाला कट्ट्यावर टेकली तशी शेजारची माणसं उठली, हळूहळू, वर्दीचा अपमान होणार नाही अशा बेतानं, आणि लांब जाऊन बसली. कट्टा बघता बघता मोकळा झाला. एक म्हातारी तेवढी हलली नाही. डोक्यावरून घोंगडं, पाय लांब सोडलेले.

“मला उठवू नगंस बाई,” म्हातारी म्हणाली. “गुडघं धरल्यात. जतपासनं आलीया.”

दीपमालानं घोंगड्याकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. हनुवटी सोनियाचीच होती.

“बसा की आवं. कोण उठवतंय?”

“नात हाय आत. आताच एक पोरगी रडत भाईर आली, ती म्हणाली तुमच्या सोनीला बुटकी म्हणून काढली.” भामाबाईनं मैदानाच्या भिंतीकडं हात केला. “माझी पोर बुटकी? आं? कुठली सटवी मापाला बसवलीया कोण जाणे. डोळं फुटलं हुतं का तिचं?”

“मीच हुते मापाला,” दीपमाला म्हणाली.

म्हातारीनं तोंड फिरवून तिला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. शिवी देईल असं वाटलं. दिली नाही.

“मग हितं काय करतीस?”

“माप चुकलं. मला काढलं भाईर.”

“आन् पोरीचं?”

“परत मोजत्यात.”

“मग हाय का त्यात काय.” भामाबाईनं पाय चोळायला घेतला. “माझंबी मेंढरं मोजताना चुकतंय. चुकलं म्हंजे परत मोजायचं. रातभर नुसतं मनात मोजत बसलं तर मेंढरू गावतंय व्हय?”

आतून लाऊडस्पीकर खरखरला. आठशे मीटरच्या पुढल्या गटाचे नंबर पुकारायला लागले. चारशे दोन, चारशे पाच, चारशे अकरा. दीपमालानं श्वास धरला. चारशे सतरा.

“तुमची नात,” ती म्हणाली. “घेतली. पळायला उभी हाय आता.”

“म्हंजे बुटकी न्हाई?”

“न्हाई. कवाच न्हवती.”

म्हातारीनं दोन्ही हात कानाशी नेऊन बोटं मोडली, आणि मग भिंतीकडं बघत राहिली. भिंत दीड पुरुष उंच, पलीकडचं काही दिसत नव्हतं. “काय चाललंय गं आत? तुला ठाव असंल.”

शिट्टी झाली. दीपमालानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सांगायला लागली. आता सुटल्या. आता पहिल्या वळणाला सगळ्या एकत्रच असणार. तुमची नात मागंच असणार, ती पयल्यांदा मागंच असती. बूट घातल्यात, त्यामुळं शंभर पावलं तिची अंगात येईपर्यंत जात्यात. आता अर्धी फेरी झाली असंल. आता ती बाहेरच्या बाजूनं काढणार.

“तुला काय ठाव ती कशी पळती?”

दीपमालानं पुन्हा मनगटाकडं पाहिलं. घड्याळाचा काटा चालतच होता.

“मागल्या वर्षी बघितलंय,” ती म्हणाली.

दुसरी फेरी तिनं सांगितली नाही. दोघी नुसत्या ऐकत बसल्या. पायांचा आवाज भिंतीजवळून गेला, एकदम, पावसाची सर गेल्यासारखा, आणि लांब गेला. मग आत कुणीतरी ओरडलं, टाळ्या झाल्या, आणि शेवटची शिट्टी वाजली. घड्याळ चांगलं होतं, वेळ चांगली होती. पण ती पहिल्या मुलीची वेळ होती, आणि पहिली कोण ते भिंतीनं सांगितलं नाही.

“झालं?”

“झालं.”

“कितवी आली?”

“हितनं कळत न्हाई. अजून दोन परकार हायेत. गोळा, आन् शंभर मीटर. दुपार हुईल भाईर यायला.” दीपमाला उठली. जाकीट झटकलं. “आजी, मी हितं बसले हुते ह्ये तिला सांगू नका.”

“का?”

“तिचं नुकसान हुईल. लिस्ट लागंस्तवर आमी दोघी बोललेलं बरं न्हाई. पुढंबी न्हाई.”

भामाबाई तिच्याकडं बारीक डोळ्यांनी बघत राहिली. जनावर ओळखणारे डोळे ते, त्यांना कळलं नसेल असं म्हणवत नाही.

“तू तिची कोण गं?” तिनं विचारलं.

दीपमालानं टोपी घातली. “कोण न्हाई. मापाला हुते तेवढंच.”

ती कार्यालयाकडं निघाली. मागं कट्ट्यावर माणसं परत येऊन बसायला लागली, डबे पुन्हा उघडले, कुणीतरी भामाबाईला विचारलं, काय म्हणत होती गं पोलिसीण? म्हातारीचं उत्तर तिला ऐकू आलं नाही. चालताना तिचे पाय कवायतीसारखे पडत होते, एकटीचे.

कार्यालयात लेखनिकानं मान वर न करता विचारलं, “खुलासा ना? किती कागद देऊ?”

“आधी एक द्या. लागला तर मागते.”

खिडकीखाली लाकडी बाक होता, आठ-दहा माणसं ऐसपैस बसतील एवढा. त्यावर कुणीच नव्हतं. दीपमाला अगदी एका टोकाला बसली, शेजारी कुणी येणार असल्यासारखी जागा ठेवून, आणि लिहायला लागली.